फळ्याची उजवी बाजू

"आज कुणाचं माहेर विचारू या?" अण्णांनी खडू कानावर अडकवला आणि मला विचारलं.

मी फळा धूत होते. आदल्या दिवशीचा प्रश्न ओल्या फडक्याखाली विरघळून दुधासारखा खाली ओघळत होता. रविवार होता, श्रावणातली अवस होती, आणि पाऊस येऊन गेला की येणार आहे हे आभाळाचं आभाळालाच ठरवता येत नव्हतं. दुकानापुढं काच लावलेल्या तसबिरी टेकवून ठेवलेल्या, त्यांत सगळा रस्ता उलटसुलट हलत होता. सायकल जायची ती गणपतीच्या पोटातून, म्हैस जायची ती शाहू महाराजांच्या फेट्यावरून. लहानपणी मला वाटायचं, आमच्या दुकानात दोन गावं आहेत, एक बाहेरचं आणि एक काचेतलं. खरं सांगायचं तर काचेतलं मला जास्त आवडायचं.

आमचं तसबिरींचं दुकान होतं. माळवदे तसबीर भांडार. गाव कृष्णेच्या काठचं, पेठ छोटी, आणि पेठेत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे आमच्या दाराशेजारचा फळा. देव आणि थोर माणसं दिवसभर पट्ट्यांत बसवायची, तर त्यांच्याबद्दल लोकांना काही ठाऊकही असावं, असं अण्णांना वाटे. म्हणून रोज दोन प्रश्न. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला वर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'अतीत'. अण्णांना जड शब्दांचा भारी सोस. त्याच्याखाली रोज एखाद्या होऊन गेलेल्या माणसाचा प्रश्न. उजव्या बाजूला पिवळ्या रंगात 'सणवार', आणि त्याखालचा प्रश्न माझ्या आईचा. चंपाषष्ठीला नैवेद्याला काय लागतं, नागपंचमीला काय चिरायचं नाही, दिव्याच्या अवसेला दिवे कशानं घासायचे. ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, मी लिहायचे.

नियम दोनच. उत्तर दिवेलागणीच्या आत द्यायचं, आणि एकदा दिलेलं उत्तर बदलायचं नाही. बरोबर असेल त्याला बरणीतली लिंबाची गोळी. मोठमोठी माणसं त्या गोळीसाठी पायरीवर वाद घालत बसायची, त्यात पोस्टातले भिडे तर एकदा अण्णांशी आठवडाभर बोलले नव्हते.

आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात आई गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि मग उतरलाच नाही. तेव्हापासून फळ्याची उजवी बाजू रिकामी होती. अण्णांनी एकदोनदा तिथं काही लिहायला खडू उचलला, तर मी हातातून काढून घेतला. पेठेतल्या सगळ्यांना कळलं की तिथं लिहायचं नाही. मी रोज ती बाजूही धुवायची, आणि कोरीच ठेवायची.

"अहिल्याबाईंचं विचारा," मी म्हणाले.

अण्णांनी लिहिलं. त्यांचं अक्षर फार देखणं होतं. लिहून झाल्यावर मागं सरून डोळे बारीक करून बघत म्हणाले, "मग काय ठरलं, रेवू?"

हे फळ्याबद्दल नव्हतं. मिरजेची आत्या उद्या सकाळी येणार होती. अवस उलटली की येते म्हणाली होती. मला न्यायला. तिच्याकडं राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि हे मीच मागितलेलं होतं. माझी ट्रंक मी शनिवारीच भरून ठेवली होती.

"ठरलंय की," मी म्हणाले.

अण्णा खडूची भुकटी झटकत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, आणि मला तेच हवं होतं. वर्ष उलटायच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं होतं.

ती वऱ्हाडातली. द्वारका नाव. दर्यापूरकडचं गाव, आमच्याच नात्यातल्या कुणीतरी जुळवलेलं. वैशाखात आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक लोखंडी तवा होता. तवा का, म्हणून विचारलं तर म्हणे, "माह्या हाताले सवय हाय त्याची." आली त्या दिवशी दारातच थांबली, फळ्याकडं बघितलं, डावीकडचा तो शब्द वाचला आणि पदर तोंडाला लावून हसली. अण्णांनी विचारलं, काय झालं. तिनं मान हलवली. मी मात्र ते हसणं मनात जपून ठेवलं. आमच्या फळ्याला हसणारी बाई.

अण्णा म्हणाले, मावशी म्हण. मी मावशी म्हणाले नाही, काकू म्हणाले नाही, काहीच म्हणाले नाही. तिच्याशी बोलायचं तर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि एकदम वाक्याला सुरुवात करायची. आणि जेवताना तिची परीक्षा घ्यायची. आईला येणारे प्रश्न हिला विचारायचे, म्हणजे हिला काही येत नाही हे अण्णांच्या कानांवर पडेल.

"चंपाषष्ठीला काय करतात?"

"चंपा नावाची बाई असन, तिची साठी करत असतीन." ती भाकरी वळत म्हणायची.

अण्णांना हसू यायचं. मलाही आतून यायचं, पण मी घास गिळून ते खाली ढकलायची. तिच्या वाट्याला एकही गोळी कधी आली नाही. तिनं ती मागितलीही नाही.

एकच गोष्ट मला अगदी सहन होत नसे. मधल्या खोलीत आईचा फोटो होता. अण्णांनी त्याला शिसवी पट्टी लावली होती, काच इतकी स्वच्छ की आई जिवंत वाटायची. द्वारका रोज सकाळी पहिल्यांदा तो फोटो पुसायची, मग देवांकडं वळायची. ती स्वयंपाकघरात गेली की मी स्टुलावर चढून तो पुन्हा पुसायची. एकदा तिनं मला तसं करताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुसून झाल्यावर ते फडकं धुऊन, पिळून, स्टुलावर घडी करून ठेवायला लागली. माझ्यासाठी. मला त्याचा आणखीच राग आला.

तर त्या रविवारी ती चहाच्या कपबश्या घेऊन दुकानात आली. अण्णांचा प्रश्न वाचला.

"बाईच्या माहेराचं कावून इचारता? ते तं सुटतेच," ती म्हणाली. मग उजव्या बाजूकडं बोट करून, जरा दबकत, "आज पिठोरी हाय. तेच इचारा न इथं."

"ती जागा रिकामी ठेवायची असते," मी म्हणाले.

"बरं बाप्पा. राहू दे." कप माझ्यापुढं ठेवला. "पन माहं एक काम करशीन? आज दिवे लागायच्या वक्ताले घरीच राहाशीन? मंग उद्या जाजो तू मिरजेले."

मी अण्णांकडं बघितलं. ते काच कापायचा हिरा हातात घेऊन उगीचच काच मोजत होते.

"राहीन," मी म्हणाले. शेवटचा दिवस म्हणून.

पिठोरीचं मला ठाऊक होतं. म्हणजे उत्तर ठाऊक होतं. श्रावण अमावास्येला काय म्हणतात, पिठोरी अमावास्या. कोण करतं, आया करतात, मुलांसाठी. आईनं एकदा हा प्रश्न घातलेला होता आणि भिड्यांनी गोळी पटकावली होती. पण आमच्या घरात पिठोरी कधी झाली नव्हती. "आमच्यात नाही" म्हणून जी एक गोष्ट असते ना प्रत्येक घरात, त्यातली ती. उत्तर यायचं, सण माहीत नव्हता.

दुपारभर घरात खिरीचा वास भरून राहिला. त्यात दुकानातल्या सरसाचा वास, ओल्या लाकडाचा वास. मी मधल्या खोलीत ट्रंकेवर डोकं ठेवून पडले होते. ऊन यायचं, फोटोच्या काचेवर बसायचं आणि उठून जायचं. ऊन आलं की आई दिसायची नाही, नुसता उजेड दिसायचा. ऊन गेलं की पुन्हा आई. असं बघता बघता डोळा लागला. झोपेत मला वाटलं, आई काचेच्या आतून फळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी लिहिते आहे, पण आतून लिहिल्यामुळं सगळं उलटं दिसतं आहे. मी वाचायचा खूप प्रयत्न केला. जागी झाले तेव्हा माझ्या अंगावर पांघरूण होतं, आणि डोक्याला ट्रंक लागू नये म्हणून मधे एक उशी सरकवलेली होती.

स्वयंपाकघरातून लोखंडी तव्याचा आवाज येत होता. कणकेचे छोटे दिवे वळून ठेवलेले. द्वारका भिंतीवर ओल्या तांदळाच्या पिठानं बोटानं बाया काढत होती. डोकं, हात, पाय. एकसारख्या, एकमेकींचे हात धरलेल्या, रांगेनं.

"ह्या कोण?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

"जोगिनी. चौसष्ट काढा लागतात. माह्या भितीवर जागा पुरत नाही, म्हनून मी गर्दी करून बसवते." ती न वळताच म्हणाली.

दिवेलागणीला अण्णांनी दुकानाची फळी अर्धी लावली आणि आत आले. अहिल्याबाईंचं माहेर चौंडी हे त्या दिवशी कुणालाच आलं नव्हतं. गोळ्यांची बरणी तशीच राहिली.

द्वारकानं हात धुतले, डोईवर पदर घेतला आणि जोगिनींच्या भिंतीपुढं पाटावर बसली. समोर कणकेचे दिवे लावलेले. एका ताटात खीर आणि पुऱ्या. शेजारी दुसरं एक ताट झाकून ठेवलेलं.

"रेवू, माह्या मांगं येऊन उभी राय," ती म्हणाली.

मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मधल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि मी उभी होते तिथून आईचा फोटो समोर दिसत होता. दिव्यांचा उजेड त्याच्या काचेत जाऊन हलत होता. द्वारकानं ताट उचललं, डोक्यावर नेलं आणि मागं, माझ्याकडं धरलं. मागं न बघता. तिचे हात लांब ताणलेले, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या.

"अतीत कोण?" तिनं विचारलं.

मला काहीच कळेना. ती फळ्यावरच्या अण्णांच्या आवाजात विचारत नव्हती. हळू, जरा घाबरत विचारत होती. अण्णा दारात उभे होते, त्यांनाही कळत नव्हतं. आमच्यात नव्हतंच ना.

"अतीत कोण?" पुन्हा.

माझ्या डोळ्यांपुढं तो पांढरा शब्द आला. अतीत म्हणजे डावी बाजू. अतीत म्हणजे होऊन गेलेलं माणूस. ही मला विचारते आहे, गेलेलं माणूस कोण. आठनऊ महिने या घरात एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. अण्णांनी नाही, शेजारच्यांनी नाही, मीही नाही. आईचं नाव कुणी तोंडातून काढत नव्हतं.

मी फोटोकडं बघितलं आणि म्हणाले, "आई."

ताट हललं. खीर काठावरून सांडून तिच्या केसांत ओघळली, मानेवरून खाली गेली. तरी तिनं हात खाली घेतले नाहीत. तिची पाठ हलत होती. रडण्याचा आवाज नव्हता, नुसती पाठ.

दारातून अण्णा म्हणाले, "रेवू," आणि खडूच्या हातांनी डोळे पुसले.

तेवढ्यात मला समजलं की त्यांना काय वाटलं. त्यांना वाटलं, मी द्वारकाला हाक मारली.

"घे मंग," द्वारका म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मांगून दोन्ही हातांनं घे. वाण हाय."

मी घेतलं. दुसरं काय करणार. ताट जड होतं आणि कोमट होतं.

मग तिनं मला शेजारी बसवून जेवू घातलं आणि जेवता जेवता पिठोरीची कहाणी सांगितली. तिच्या गावच्या बायका सांगत तशी, थांबत थांबत, मधेच पुरी तोडून देत. एक सून होती, तिचं दरवर्षी अवसेलाच मूल जायचं. घरच्यांनी हाकलून दिली, गेलेलं तान्हं लेकरू पदरात घेऊन ती रानात गेली आणि बेलाच्या झाडावर बसून राहिली. तिथं जोगिनी पूजेला आल्या. खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून त्यांनी विचारलं, अतीत कोण? म्हणजे दारी आलेलं कोणी आहे का, पाहुणा कोण आहे इथं? झाडावरून ती बाई म्हणाली, मी आहे. मग त्यांनी तिला खाली उतरवून घेतलं आणि तिची सगळी मुलं परत दिली.

माझा घास हातातच राहिला.

"अतीत म्हणजे पाहुणा?"

"हाव. दारी आलेला, भुकेला. दुसरं काय?"

मी पुरीकडं बघत बसले. मी 'मी' म्हणायला हवं होतं. एवढं एक अक्षर. आणि मी भलतंच उत्तर देऊन बसले होते.

"तुम्ही दरवर्षी करता?" मी विचारलं. तिला मी विचारलेला हा पहिला साधा प्रश्न, परीक्षेचा नाही.

"माही एक पोरगी होती," ती म्हणाली. "तुह्याएवढी नाही, लहान. ती गेली. तिचा बाप त्याच्या आधीच गेला होता. पोरगी नाही तं पिठोरी कावून करते, असं सासू म्हने. पन मी करे. ताट मांगं धरे अन् इचारे. मांगून कोनी बोले नाही. मंग हात दुखले की मीच उतरवून ठेवे." तिनं माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली. "आज पहिल्यांदाच कोनी बोललं."

आता मला सांगा, अशा वेळी कुणी काय बोलावं? मी चुकले, मी तुम्हाला म्हणाले नव्हते, असं सांगायला माझं तोंड उघडेना. आणि शिवाय नियम होता. एकदा दिलेलं उत्तर बदलायचं नाही. तो नियम मी स्वतः किती जणांना बजावला होता, भिड्यांनासुद्धा. खीर गोड होती. मी सगळी खाल्ली.

सकाळी उठले तर मधल्या खोलीत आईच्या फोटोखाली ते दुसरं, झाकलेलं ताट होतं. झाकण काढलेलं. खिरीवर साय धरलेली, पुरीला मुंग्यांची रांग. मला वाटलं, वऱ्हाडात अशी पद्धत असेल. स्टुलावर फडकं घडी करून ठेवलेलं होतं. मी फोटो पुसला नाही. तो पुसलेला होता, स्वच्छ होता. मी फडकं घेऊन फळा धुवायला गेले.

डावी बाजू पुसली. उजवी पुसायची गरज नव्हती. पण मी तिच्यापुढं उभी राहिले. आभाळ निवळलं होतं, काचांत सगळी पेठ कोवळी, ओली दिसत होती. काचेतल्या गावातून द्वारका पाण्याची कळशी घेऊन येत होती, शिवाजी महाराजांच्या आणि लक्ष्मीच्या मधून.

"काय लिहू?" मी तिला विचारलं.

ती थांबली. कळशी खाली ठेवली. "कुठं?"

मी खडूनं दाखवलं.

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "लिही. पिठोरीच्या वाणाले काय इचारतात?"

मी लिहिलं. माझं अक्षर काही अण्णांसारखं देखणं नव्हतं, आणि इतक्या महिन्यांनी त्या बाजूला लिहिताना ओळ वर चढत गेली. अण्णा आतून बाहेर आले, फळा बघितला आणि पुन्हा आत गेले. बराच वेळ आतून पट्ट्या ठोकायचा आवाज आला नाही.

दहाच्या एसटीनं आत्या आली. घामाघूम, हातात माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा.

"आटप ग. ट्रंक कुठाय? बाराची गाडी आहे."

"आज नाही जमणार, आत्या," मी म्हणाले. "संध्याकाळी उत्तर सांगायचंय."

"कसलं उत्तर?"

मी फळ्याकडं बोट केलं. आत्यानं वाचलं. वाचून माझ्याकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या द्वारकाकडं. "वहिनी, हे काय खूळ?"

"मले नका इचारू," द्वारका म्हणाली. "पोरीचा फळा हाय."

"मग उद्या?"

"उद्या पण प्रश्न असणार ना," मी म्हणाले. "रोजच असतो."

आत्या हुशार बाई होती. तिनं पायरीवर बसकण मारली, पेढ्यांचा पुडा उघडला आणि म्हणाली, "मग निदान पाणी तरी द्या कुणीतरी. मिरजेहून उभ्यानं आलेय मी." मी आत वळून हाक मारली, "आई, आत्याला पाणी." उत्तर बदलता येत नव्हतं, तेव्हा आता तेच चालवायचं होतं. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग रोजचं झालं, आणि पुढं कधी खरं झालं ते मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळीही कुणाला उत्तर आलं नाही. दिवे लागले तेव्हा मी फळ्यावर उत्तर लिहिलं, 'अतीत कोण?', आणि लिंबाची एक गोळी काढून द्वारकाला दिली. ती पदराच्या टोकाला बांधून ठेवली तिनं, खाल्ली नाही.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अण्णा गेले. दुकानात मोबाइलवाला बसतो. फळा मी माझ्या घरी आणला, स्वयंपाकघरात टांगला आहे, किराणा लिहायला. डावीकडचा 'अतीत' अजून शाबूत आहे, ऑइलपेंट तो. आई, म्हणजे द्वारका, माझ्याकडंच असते. दर पिठोरीला मला मागं उभी करते. मी पन्नाशी ओलांडली तरी. हात आता कापतात, म्हणून ताटाला खालून माझाही हात असतो.

मागच्या वर्षी वाण घेऊन झालं. आम्ही दोघी जमिनीवर बसून खीर खात होतो. दुपारची वेळ होती, आजकाल ती दिवेलागणीपर्यंत जागत नाही. खिडकीतून ऊन येऊन फळ्यावर पडलं होतं. तो शब्द उजळला होता. मला काय वाटलं कोण जाणे.

"आई, त्या पहिल्या वेळी ना," मी म्हणाले, "माझं उत्तर चुकलं होतं."

"माहीत हाय," ती म्हणाली. वाटी पुसून खात होती.

"काय माहीत आहे?"

"तू मले म्हनली नव्हती. तू तिले म्हनली होती." तिनं बोटानं फळ्यावरचा 'अतीत' दाखवला. "हे मी पहिल्याच दिवशी वाचलं नव्हतं का? मले हसू आलं होतं. म्हटलं, ह्या गावात गेलेल्याले अतीत म्हनतात, अन् आमच्याकडं आलेल्याले. मंग तू आई म्हनली तं मले समजणार नाही?"

मी खीर खायची थांबले. "मग रडलीस का? मला तर वाटलं, तुला वाटलं..."

"कोनी तरी तिचं नाव काढलं म्हनून रडली. चार महिने तिच्या घरात राहत होती, तिचा फोटो पुसत होती, अन् तिले हाक मारायची कोनाची हिंमत नव्हती. पोरीनं मारली." ती जरा थांबली. "मीही तं माह्या पोरीचं नाव कोनापाशी काढत नव्हती."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती होत नव्हती.

"आणि ते दुसरं ताट?" मी विचारलं. "फोटोखाली ठेवलेलं?"

"ते तिचंच होतं. आधीच भरून ठेवलं होतं. तू निजल्यावर घेऊन गेली तिच्यापुढं." आई हसली, तिला आता समोरचे दात नाहीत. "म्हटलं, बाई, घर तुहं, पोरगी तुही, चूलही तुहीच. मी आपली दारी आलेली. आता तू इचार मले."

"मग?"

"मंग काय. तिनं इचारलं असन. मी म्हटलं, मी."

तिनं माझी वाटी ओढून घेतली आणि भांड्यात उरलेली सगळी खीर तीत ओतली.